यवतेश्वर घाटात डिजिटल रेडिओचा आवाज तुटतो – मदत हवी आहे
नमस्कार. मी परवानाधारक हौशी रेडिओचालक असून, साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासकडे जाताना ४३५ मेगाहर्ट्झवरील माझ्या डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) संचाचा आवाज वळणावळणाला तुटतो. अॅनालॉगवर खरखरीतून का होईना, शब्द कळत. इथे एकदम शांतता. गाडी थांबवून हातभर पुढे घेतली की तोच आवाज स्वच्छ येतो, आणि तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असल्याने, कड्यांवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी एकमेकींना मारक ठरत असाव्यात, असा माझा कयास आहे. पलीकडून बोलणाऱ्या मित्राने प्रक्षेपणाची शक्ती वाढवूनही फारसा फरक पडला नाही. जिचा संकेत सबळ ती अँटेना आपोआप निवडणारी दोन अँटेनांची व्यवस्था कोणी केली आहे का, आणि टपावर त्या किती अंतरावर बसवल्या? डीएमआरमध्ये आवाज ३० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत (स्लॉटमध्ये) पाठवला जातो; अशा स्लॉटच्या मधेच अँटेना बदलली तर शब्द गळतात का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.