हॉलमध्ये आवाज घुमतो, कानाचं मशीन लावूनही बोलणं कळत नाही. पावसाळ्यात टिकेल असा स्वस्त उपाय हवा आहे

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात खाडीलगत आमचं घर आहे. जुनं कौलारू उतरवून स्लॅबचं बांधलं, आणि तेव्हापासून सासूबाईंना हॉलमधलं बोलणं कळेनासं झालंय. दोन्ही कानांना मशीन आहे. कानांची तपासणी नुकतीच करून घेतली, ऐकू येणं पूर्वीइतकंच आहे आणि मशीनही ठीक आहे. स्वयंपाकघरात जवळ बसून बोललं की सगळं समजतं. हॉलमध्ये मात्र ‘गोळी सात वाजता घ्यायची’ म्हटलं की त्या ‘पाच ना?’ विचारतात. हल्ली तिथे बसायचंच टाळतात. पै-पाहुणा येतो, बोलणी होतात ती सगळी हॉलमध्ये, आणि त्या एकट्या आतल्या खोलीत. मला हे फार लागतं, म्हणून इथे विचारतेय.

हॉल १५ बाय १२ फूट, उंची १० फूट. चिऱ्याच्या भिंती, पण आतून गिलावा आणि पुट्टी. खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब. एक लाकडी सोफा, पातळ गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. टाळी वाजवली की आवाज बराच वेळ रेंगाळतो.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण या दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. मला बाहेरचा आवाज अडवायचा नाहीये. अडवायला वजन लागतं: जाड भिंत, भरीव दार, बुजवलेल्या फटी. मला आतला आवाज शोषायचा आहे, आणि त्याला जाड, मऊ, हवा आरपार जाईल असं काहीतरी लागतं. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल कृपया सुचवू नका. ट्रेने फारसं काही शोषलं जात नाही, आणि थर्माकोलच्या आत हवा शिरतच नाही. शिवाय तो पेटला तर घरभर विषारी धूर.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हिशोब करून पाहिला. आवाज ६० डेसिबल खाली यायला किती वेळ लागतो, त्याचं वॉलेस सबाइन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं सूत्र आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचं. १८९५ च्या सुमारास त्यांनी हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि मोजून हे शोधलं. आमचा हॉल साधारण ५१ घनमीटर. गिलावा, टाइल्स, स्लॅब जेमतेम दोन-तीन टक्के आवाज शोषतात, सामान धरून एकूण शोषण तीन चौरस मीटरच्या (म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीच्या) आसपास. म्हणजे जवळजवळ पावणेतीन सेकंद! अमेरिकेत लहान वर्गखोल्यांसाठी ०.६ सेकंदांची मर्यादा आहे.

सबाइन यांनी उघडी खिडकी हेच शोषणाचं माप धरलं होतं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आमच्या दोन खिडक्या चार बाय चार फुटांच्या. दोन्ही सताड उघडल्या की तीन चौरस मीटरची भर पडते आणि वेळ निम्म्यावर येतो. हे अनुभवाशी तंतोतंत जुळतं, मे महिन्यात सासूबाईंना बरंच कळतं. जून लागला की झड आत येते, खिडक्या बंद कराव्या लागतात, आणि स्लॅबवरच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असतो तो वेगळाच. जुन्या घरात कौलांच्या फटींतून आवाज निघून जायचा, म्हणून तिथे हा त्रास कधी झाला नसावा.

मशीनचा दोष नाही हे मला पटलंय. ते बोलणाऱ्याचा आवाज आणि भिंतीवरून परत आलेला आवाज, दोन्ही मोठे करतं. ‘पाच’ आणि ‘सात’ मधला ‘आ’ जोरकस, तो घुमत राहतो आणि मागून येणारा नाजूक ‘च’ किंवा ‘त’ त्याच्याखाली दबतो.

वेळ एक सेकंदावर आला तरी मला चालेल. त्यासाठी आणखी पाचेक चौरस मीटर शोषण हवं. आणि इथेच घोडं अडलंय, कारण आपल्याकडे पावसाळ्यात मऊ म्हणून जे जे आहे त्याला बुरशी येते. एका सजावटवाल्याने पातळ फोमचे चौकोन सुचवले. मला ते नको आहेत. पातळ फोम फक्त टिपेचे स्वर शोषतो, दमट हवेत काही वर्षांत चुरा होतो, आणि पेटतोही पटकन.

माझ्या मनात दोन पर्याय आहेत. एक, जुन्या साड्यांच्या गोधड्या भिंतीपासून चार-पाच बोटं पुढे दांडीवर टांगायच्या. मागे हवा राहिली की शोषण वाढतं आणि भिंतीची ओलही लागत नाही. ऊन पडलं की काढून वाळत घालता येतील. दुसरा, लाकडी चौकटीत दोन इंची रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर), वरून सुती कापड, मागे दोन इंच पोकळी. दोन बाय चार फुटांच्या सात चौकटी केल्या तर हिशोब जमतो. रॉकवूल स्वतः कुजत नाही, वाळवीलाही त्यात खायला काही नाही. मात्र लाकडाची आणि कापडाची मला खात्री नाही. बजेट पाच-सात हजार, आणि सुतारकाम घरीच होईल.

भर: प्रतिसादांबद्दल आभार. खाली सतरंजी का घालत नाही असं विचारलेल्यांसाठी, जाड सतरंजी घालायला हरकत नव्हती, पण सासूबाई काठी घेऊन चालतात, कड पायात आली तर पडतील. पडदे दुप्पट रुंदीचे, भरपूर चुण्यांचे शिवायला टाकलेत. टीव्ही बंद करून समोर दोन हातांवर बसून बोलायचं, हे घरात सगळ्यांना सांगितलंय, त्याने लगेच फरक पडला. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबल वाढतो, घुमणारा तेवढाच राहतो, त्यामुळे हे बिनखर्चाचं काम कुणाच्याही घरी आजच करता येईल.

आता नेमकं एवढंच सांगा: किनाऱ्यावरच्या घरात रॉकवूलच्या चौकटी कुणी एक पूर्ण पावसाळा काढून पाहिल्यात का? कापड कुठलं वापरलंत, बुरशी आली का? काथ्याची जाड गादी त्याऐवजी चालेल का? आणि खाऱ्या हवेत खिळे गंजून भिंतीवर ओघळ येतात, तर टांगायला पितळी आकडे बरे की स्टेनलेस स्टीलचे? गणपतीआधी काम पुरं करायचंय. तेव्हा मुंबईची सगळी मंडळी येतील, आणि सासूबाईंनी त्यांच्यात बसून गप्पा माराव्यात अशी फार इच्छा आहे.