डेटा वाचण्या-लिहिण्याची (आयात-निर्यातीची) फंक्शने: स्वतःचे आर पॅकेज की कोडची एक साधी फाइल?

गोदाकाठ, गंगापूर रोड
लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि येवला येथील कांद्याच्या आवकेचे आकडे मी आर या आकडेवारीच्या संगणकभाषेत तपासतो. प्रत्येक नव्या कामात कोडच्या त्याच चाळीस ओळी चिकटवण्याचा कंटाळा आला, तेव्हा यूजदिस या साधनाने सांगाडा उभारून मी त्यांचे खासगी पॅकेज (एकत्र बसवता येणारा फंक्शनांचा संच) केले. त्यातले फाइल वाचणारे फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) १,२५,००० मधले स्वल्पविराम काढते, देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलते (आर '१२५' ही संख्या मानतच नाही) आणि ०५/०४/२०२४ म्हणजे ५ एप्रिलच, ४ मे नव्हे, हे पक्के करते. लिहिणारे फंक्शन यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्या साठवणारी पद्धत) फाइलच्या आरंभी बीओएम ही ती पद्धत ओळखू देणारी खूण घालते. तिच्याविना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली) फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली, की तालुक्यांच्या नावांचा पुष्कळदा चिवडा होतो. एकच डागडुजी तिसऱ्यांदा करावी लागली, तर तिचे पॅकेज करावे, असे माझे मत आहे.

सातपूरकर
मी असहमत आहे. रिओ हे तयार पॅकेज फाइलच्या नावाचे शेपूट (एक्स्टेन्शन) पाहून एक्सेल आणि एसपीएसएस, स्टाटा या सांख्यिकी प्रणालींच्या फाइली वाचते, आणि बीओएमसह सीएसव्ही लिहिणारे फंक्शन रीडआर या दुसऱ्या पॅकेजमध्ये आयते आहे. मग हा नवा संसार कशाला? खरी अडचण पुढेच आहे. आमच्याकडे बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्याच्या अहवालाची पहिलीच ओळ त्याच्या खासगी पॅकेजला हाक मारत होती आणि ते पॅकेज कोणाच्याही संगणकावर नव्हते. साधी फाइल असती, तर ती अहवालाच्याच फोल्डरमध्ये राहिली असती. शिवाय २०२० साली आर ४.०.० मध्ये सीएसव्ही वाचताना मजकुराचे स्तंभ आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांचा प्रकार) होणे थांबले. आधी जाहीर करूनही जुने कोड अडखळले. तुमच्या पॅकेजमधला बदल कोण जाहीर करणार?

गोदाकाठ, गंगापूर रोड
रिओचा मुद्दा मान्य आहे. फाइलचा प्रकार ओळखणारा माझा भाग मी काढून टाकतो. मात्र अंक आणि तारखा यांची दुरुस्ती रिओ करत नाही, आणि माझे मुख्य काम तेच आहे. साध्या फाइलच्या माझ्याकडे सहा प्रती झाल्या होत्या. तारखेची चूक त्यांतील दोनच प्रतींत सुधारलेली होती. पॅकेजला आवृत्ती क्रमांक असतो, चाचण्या असतात, आणि कोणत्या अहवालाला कोणती आवृत्ती हवी याची नोंद आरएन्व्ह हे पॅकेज ठेवते.

सिन्नरहून
एक भर. आरचे मूळ सीएसव्ही लिहिणारे फंक्शन न सांगता ओळक्रमांकांचा स्तंभ जोडते, आणि तीच फाइल पुन्हा वाचून लिहिली की आणखी एक. एवढ्या एका कारणासाठीही निर्यातीचे स्वतःचे फंक्शन असावे.

सातपूरकर
तो स्तंभ 'नको' असे त्याच फंक्शनला एका ओळीत सांगता येते. आरएन्व्हबाबत मात्र सावध राहावे: ते नोंद ठेवते, कोड नव्हे. तुमच्या लॅपटॉपवरून थेट बसवलेल्या पॅकेजचा मूळ कोड दुसऱ्याला पोहोचेल अशा जागी नसेल, तर ती नोंद पाहून ते आणायचे कोठून? निदान प्रत्येक अहवालासोबत त्या आवृत्तीची संकुचित फाइल ठेवावी.