सिरॅमिक कोटिंग: स्वतः करावं की पैसे मोजून करून घ्यावं? (सोलापूरचं ऊन आणि पाणी धरून बोला)

पांढरी बलेनो (धागाकर्ता)

मेहुण्यानं नवी हॅचबॅक घेतली. होटगी रोडच्या एका दुकानात सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावर कडक पारदर्शक थर चढवायचे, २२ हजार सांगितले. मी म्हणालो, माझ्याकडे आण, रविवारी आपण दोघं करू. त्यावरून घरात वाद पेटलाय. तो इथे आणून टाकतो, म्हणजे घरात जेवताना तरी शांतता राहील.

माझं म्हणणं असं: गाडी नवी असेल, रंग पांढरा असेल आणि बंद सावलीची जागा असेल, तर हे काम स्वतःच करावं. ३० मिलीची बाटली हॅचबॅकला एका थरासाठी पुरते. त्यात आयर्न रिमूव्हर, क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरची कापडं धरली तरी दुकानाच्या दराच्या पाव-तिसऱ्या हिश्शात भागतं.

दुकानवाले करतात काय? गाडी धुतात. आयर्न रिमूव्हर मारतात, मग ब्रेकचे उडालेले लोखंडी कण जिथे रुतलेत तिथून जांभळे ओघळ येतात. बघणाऱ्याला वाटतं केवढं शास्त्र चाललंय. मग क्ले फिरवतात, पॉलिश करतात, अल्कोहोलनं पुसून तेलकटपणा काढतात आणि शेवटी कोटिंग. पॉलिश सोडलं तर यातली एकही पायरी धड हातांच्या माणसाला अवघड नाही.

कोटिंग लावायचं तंत्र सांगतो. फोमच्या ठोकळ्याला सुएडचं छोटं कापड गुंडाळायचं, त्यावर चार-सहा थेंब, आणि निम्म्या बॉनेटवर आधी आडवं, मग उभं फिरवायचं. जरा वेळानं पृष्ठभागावर रॉकेल सांडल्यासारखा सप्तरंगी तवंग दिसतो. तोच क्षण. एका मायक्रोफायबरनं समतल करायचं, दुसऱ्या कोरड्यानं परत पुसायचं, आणि बाजूनं टॉर्च तिरपी धरून बघायचं. कुठे काळपट, तेलकट ठिपका उरला असेल तर तो तेव्हाच निघतो. घट्ट झाला की पॉलिशशिवाय जात नाही. सुएडचं कापड दर दोन-तीन पॅनलला बदलायचं, कारण त्यातलं कोटिंग कडक होतं आणि तेच कापड मग ओरखडे पाडतं. ते धुऊन परत वापरायचं नाही, टाकून द्यायचं.

आणि काम उन्हाळ्यात काढायचं नाही. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतली गार सकाळ बघायची.

---

पत्रा आणि रंग

मालक, "पॉलिश सोडलं तर" असं एका दमात म्हणून गेलात. सगळं काम तिथंच हाय की ओ!

मी बॉडीशॉपला काम करतो, म्हणजे माझी बाजू धरूनच बोलणार, ते आधीच सांगतो. पण नवी गाडी कोरी असती हे कुणी सांगितलं तुम्हाला? स्टॉकयार्डात उन्हात उभी असती, ट्रेलरवरून येती, आणि डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमचं पोरगं घाईघाईत कोरड्या फडक्यानं झटकून हार घालतंय. उन्हात तिरपं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतेत.

आता हिशेब बगा. रंगावरचा पारदर्शक थर, म्हंजे क्लिअर कोट, असतो साधारण ४०-५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हंजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तुमचं कोटिंग बसतं एक-दोन मायक्रॉन. तेबी पारदर्शक. खाली जे हाय ते काचेखाली ठेवल्यागत कायम राहतंय. नंतर ते ओरखडे काढायचे म्हटलं तर पैसे घालून लावलेलं कोटिंगच आधी घासून काढायला लागतंय.

आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट घासून कमीच करायचा असतो. किती, ते मोजायला जाडीचं मीटर लागतं. नवख्यानं रोटरी मशीन हातात घेतलं की पहिली जाती ती बॉनेटची कड. तिथं रंग पातळ असतोय, फोम एका जागी दोन सेकंद जास्त थांबला की खालचा प्रायमर डोकावतोय. मग पेंटिंग. डीए मशीन, म्हंजे फिरता फिरता डुलणारं, त्यापेक्षा बरं, माणसाला माफ करतं, पण तेला वेळ लई लागतो.

तुम्हाला २२ सांगितले त्यात बाटलीचे थोडेच हायत. दीड दिवस पोरगं लाईटखाली वाकून बसतंय, तेचे हायत.

---

पांढरी बलेनो

दादा, दीड दिवस वाकून बसणारं पोरगं मिळालं तर २२ काय, २५ द्यावेत. माझा प्रश्न तो नाही. सोलापुरात कोटिंग करतो म्हणणारे मोजायला गेलं तर बरेच आहेत, त्यातले किती जण दीड दिवस बसतात? सकाळी दहाला गाडी घेतात, संध्याकाळी सहाला चावी हातात. धुणं, क्ले, पॉलिश, पुसणं, कोटिंग, सगळं आठ तासांत, आणि मध्ये जेवणाची सुट्टी. हे गणित मला कुणीतरी बसवून दाखवा.

पांढऱ्या गाडीवर बारीक ओरखडे दिसत नाहीत हेही खरं ना? मग त्यासाठी चांगला क्लिअर कोट कशाला घासायचा?

---

काळी क्रेटा

संध्याकाळच्या चावीवर माझं दुमत नाही. मी पैसे देऊन केलं, दुकानाचं नाव घेत नाही. ५ वर्षांची वॉरंटी. घरी येऊन कार्ड वाचलं. दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे भरून मेंटेनन्स करायचा, एक जरी चुकला तर वॉरंटी रद्द. पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चिकटा, दगड, ओरखडे, यांतलं काहीच वॉरंटीत नाही. मग आत राहिलं काय? कोटिंग लावलं होतं एवढंच.

तरीही सांगते, काळ्या गाडीला मी परत दुकानातच नेईन. काळ्यावर टॉर्च मारली की सगळं उघडं पडतं. आणि पॉलिश करून आल्यावर रंग खरंच विहिरीसारखा खोल दिसत होता. ते पॉलिशचं श्रेय, बाटलीचं नाही, हे नंतर कळलं.

पण खरी गोची पुढे आहे. आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा येतो. एक बादली, एक फडकं, रांगेनं सगळ्या गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं. मी त्याला महिन्याचे पैसे देते आणि गाडीला हात लावू नको म्हणून सांगते. वॉचमनला वाटतं मॅडमचं डोकं फिरलंय. कोटिंग कुणी केलं यापेक्षा नंतर गाडी कोण पुसतो, यावर सगळं ठरतं.

---

रसायनचा तास

दोन गोष्टी घालतो.

पहिली, ९एच. बाटलीवर ९एच बघून लोकांना वाटतं, हिरा १० आणि हे ९. तसं नाही. हिऱ्याचं माप मोहचं आहे, खनिजांच्या कडकपणाचं. ९एच हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप: ६बी पासून ९एच पर्यंतच्या पेन्सिली ठरावीक दाबानं ओढून बघतात, कुठली ओरखडा पाडते ते. आपल्या धुळीत वाळू असते, म्हणजे क्वार्ट्झ, मोहच्या मापावर ७. ती कोरड्या फडक्याखाली सापडली की ९एच वगैरे काही बघत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि सोलापुरात तीच मोठी आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते इथे कुणाला सांगायला नको. म्हणजे गाडी धुतली जाते बोअरच्या पाण्यानं. ते जड. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरलेले. कोटिंगमुळे पाणी पसरत नाही, गोल थेंब होऊन उभं राहतं. व्हिडिओत तेच दाखवतात. आता एप्रिलमध्ये, ४२ अंशांत, तापलेल्या टपावर ते थेंब जागच्या जागी आटले की प्रत्येक थेंबाची एक पांढरी कडी राहते. कोटिंग नसतं तर तेच क्षार पातळ पसरले असते, यामुळे ते ठिपक्यांत गोळा होतात. पातळ केलेल्या व्हिनेगरनं कॅल्शियमचा भाग सुटतो. पाण्यात सिलिका असेल तर ती व्हिनेगरला दाद देत नाही, मग पुन्हा पॉलिश.

त्यामुळे "घरी की दुकानात" याच्या आधी विचारा, गाडी धुवायला सावली आहे का आणि पाणी कुठलं आहे? दोन्ही नसेल तर चमक येईल, पण डागही जास्त उठून दिसतील.

---

टॉवेलवाले

काय मालक, सोलापुरात बसून मायक्रोफायबर कुठून कुठून मागवताय? अख्ख्या देशाला टर्किश टॉवेल आपण विणून देतो. आमचा जाड टॉवेल पाणी एका फेऱ्यात ओढून घेतो. चार पिढ्या त्याच टॉवेलनं गाड्या पुसल्या.

---

पत्रा आणि रंग

टॉवेलवाले मालक, अंग पुसायला तुमच्या टॉवेलला तोड नाय. पण त्या चार पिढ्यांच्या गाड्या माझ्याकडंच पॉलिशला येत होत्या. बॉर्डरची शिवण आणि कडेची जाड पट्टी रंगावर घासती. कोटिंगचा तवंग पुसायला तर सुती नकोच, दोरे सुटतेत आणि कोटिंगमधी अडकून बसतेत. टायरला, दाराच्या फटीला वापरा खुशाल.

---

उगाच खर्च

सगळे हुशार आहात, पण एकानंही विचारलं नाही की करायचंच कशाला? सात-आठ लाखांची गाडी, सात-आठ वर्षांनी विकायची, घेणारा किलोमीटर आणि इंजिन बघतो. तेवढ्या पैशात अंगणात शेड टाका. ऊनही थांबतं, लिंबावरच्या कावळ्यांची शीटही थांबते. शेड नसेल तर कव्हर घाला.

---

काळी क्रेटा

शेडला माझं मत. कव्हरला नाही. धुळीची गाडी न धुता कव्हर घातलं की वाऱ्यानं ते रात्रभर गाडीवर घासत राहतं. आमच्या शेजारच्या गाडीच्या कडा बघा, नुसत्या धुरकट झाल्यात. उसाच्या गाळपाच्या दिवसांत तर कारखान्यांची काजळी येऊन बसते, तिच्यावर कव्हर म्हणजे विचारूच नका.

---

पांढरी बलेनो

"उगाच खर्च" काका, शेड टाकायला अंगण लागतं. जुळे सोलापुरात फ्लॅटवाल्यानं शेड कुठे टाकायची, सोसायटीच्या बैठकीत?

सरांचा पाण्याचा मुद्दा मला पटतो, पण तो माझ्याच बाजूचा आहे. दुकानात केलं तरी बोअरचं पाणी तेच, ऊन तेच. मग डाग पडणारच असतील तर कमी खर्चात पडू देत. घरी केलं तर दोन वर्षांनी परत लावता येतं. २२ हजार घातलेला माणूस मात्र पाच वर्षं कार्ड सांभाळत बसतो.

कोटिंगमुळे माती सुटते मात्र लवकर. आधी साध्या पाण्यानं वरची धूळ उतरवायची, मग दोन बादल्या, एक शाम्पूची, एक कापड खळबळायची. शेवटचं पाणी आरओचं वापरतो, किचनमधल्या फिल्टरचं वाया जाणारं नव्हे, शुद्ध बाजूचं. ते वाया जाणारं पाणी गाडीला वापरणारे महाभाग आहेत, त्यात तर क्षार आणखी दाट.

---

नवीन सभासद

मागच्या महिन्यात माझं दार ठोकलं गेलं, ते रंगवून घेतलंय. आता पूर्ण गाडीला घरी कोटिंग करू का?

---

पत्रा आणि रंग

मागचा महिना म्हणजे कधी? बाहेरच्या शॉपला रंगवलेल्या पॅनलमधनं सॉल्व्हंट काही आठवडे निघत राहतंय. रंग देणाऱ्याला विचारा कुठला रंग मारला, भट्टीत भाजला का नुसता वाऱ्यावर वाळवला. वाऱ्यावरचा असंल तर घाई नको, वरनं झाकण बसवलं की खाली फुगतंय. बाकी पॅनल खुशाल करा, ते दार नंतर.

आणि बलेनो मालक, एक मधला रस्ता सांगतो. पॉलिश दुकानात करून घ्या, कोटिंग तुम्ही लावा. मशीनचा धोका माझ्या गळ्यात, बाटलीचा तुमच्या. चालतंय का?

---

पांढरी बलेनो

हे मात्र चालतंय. पण पॉलिश करून गाडी आसरा चौकातून घरी येईपर्यंत धूळ बसणार, तिचं काय?

---

पत्रा आणि रंग

बसणार की. परत हलक्या हातानं धुवा, पूर्ण वाळवा, आरशाच्या सांध्यातनं आणि नंबर प्लेटच्या मागनं पाणी ठिबकायचं थांबू द्या, मग अल्कोहोल. लोक घाई करत्यात तिथंच. कोटिंग लावताना आरशातनं एक थेंब ओघळला की दारावर पट्टा. आणि नंतर २४ तास गाडीला पाणी लावायचं नाय, आठवडाभर शाम्पू नाय. पार्किंगच्या वर कुणाच्या गॅलरीत कुंड्या असतील तर त्या काकूंना आधी सांगून ठेवा.

पण कोटिंग बिघडलं तर ते काढायला माझ्याकडं आणलं, तर दर नवा लागंल. आधी सांगितलेलं बरं.

---

काळी क्रेटा

दादा, नुसत्या पॉलिशचा दर काय घेता? काळी गाडी, मोठी.

---

पत्रा आणि रंग

ताई, मेसेज करा. इथं आकडा टाकला की उद्यापासनं सगळं सोलापूर तेवढ्यातच मागतंय, आणि वर धुऊन फुकट द्या म्हणतंय.