मदत हवी आहे : ब्रिटिश माणसाला मोर्चा नेमका कधी पटतो?

मंडळी, पदव्युत्तर वर्गाला आधुनिक ब्रिटन शिकवतोय आणि एका ठिकाणी अडलोय.

लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये २०१५ साली गांधीजींचा पुतळा उभा राहिला, २०१८ साली मताधिकारासाठी झगडलेल्या मिलिसेंट फॉसेट यांचा. मात्र समोरच्याच संसदेने २०२३ च्या पब्लिक ऑर्डर कायद्यात स्वतःला जखडून घेऊन लोकांची अडवणूक करणं हा गुन्हा ठरवला. (मताधिकारासाठी आक्रमक आंदोलन करणाऱ्या सफ्राजेट बायकांनी कठड्यांना साखळ्याच बांधून घेतल्या होत्या, आता बोला!) उलट ब्रिस्टलमध्ये २०२० साली गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा पाडणाऱ्या चौघांना २०२२ साली ज्यूरीने निर्दोष सोडलं. म्हणजे जुनं आंदोलन ते आपला वारसा आणि चालू असलेलं ते उपद्रव, इतकं सरळ गणित नसावं.

तिकडे राहणाऱ्यांनी सांगावं: शेजारी, सहकारी यावर काय बोलतात? ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हा सूर ब्रेक्झिटनंतर वाढला का? स्कॉटलंड, वेल्समधल्यांचे अनुभव तर हवेतच; आपण इंग्लंडलाच ब्रिटन समजून बसतो. वृत्तपत्रांतली मतं भरपूर वाचलीत, ती नकोत.