इंट्रामुरलला नाव द्याच

कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या विद्यापीठात खेळायचं तर स्कॉलरशिपवाला खेळाडूच हवा, बाकीच्यांनी नुसत्या टाळ्या पिटायच्या. हे फार तर वार्सिटी, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत संघांबद्दल म्हणता येईल, आणि तिथेही स्कॉलरशिप नसलेले खेळाडू असतात. त्याच्या खाली क्लब असतात आणि त्याहून खाली इंट्रामुरल, म्हणजे विद्यापीठातल्याच लोकांचे आपापसातले सामने. तिथे चार टाळकी जमवून नाव नोंदवलं की झालं. आमच्या डिपार्टमेंटच्या व्हॉलीबॉल संघात अर्ध्यांची सर्व्हिस नेटपलीकडे जात नव्हती, तरी कुणी हाकललं नाही. जिमचे पैसे बहुतेक ठिकाणी सेमिस्टरच्या फीमध्येच कापलेले असतात. भरलेत तर वापरा की!

क्रिकेटची हौस पार्किंग लॉटमध्ये भागते. टेनिस बॉलला इलेक्ट्रिकल टेप गुंडाळायची, कचऱ्याचा डबा म्हणजे स्टंप, आणि गाडीच्या काचेला लागला तर आउट (शिवाय सगळे पसार).

बघायचं म्हणाल तर आयपीएल सोपं. भारतातली संध्याकाळी ७.३०ची मॅच न्यूयॉर्कला सकाळी १०ला, कॅलिफोर्नियात ७ला. मायदेशातली कसोटी मात्र झोपेचं खोबरं करते, ९.३०चा पहिला बॉल हिवाळ्यात न्यूयॉर्कला रात्री ११ला पडतो. दुसऱ्या दिवशी लॅब असेल तर लंचपर्यंतच बघा, असं म्हणायला सोपं आहे.

आणि अमेरिकन फुटबॉलला नाकं मुरडू नका. चार प्रयत्नांत बॉल १० यार्ड पुढे न्यायचा, एवढं कळलं की बाकीचं बघता बघता उमगतं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाखाहून जास्त माणसं बसतात, तीही कॉलेजच्या मॅचला! विद्यार्थी तिकीट मिळत असेल तर सोडू नका, फक्त नोव्हेंबरात आतून थर्मल घालून जा.