वर्गात तास चालू असताना ऑनलाइन टूल्स कशी वापरता?

भौतिकवाला:
नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या कॉलेजात एफवायबीएस्सीला फिजिक्स शिकवतो, तासिका तत्त्वावर. वर्गात सत्तर-ऐंशी मुलं, प्रोजेक्टर एकच आणि तोही सेमिनार हॉलमध्ये, नेटचा भरवसा नाही. खडू-फळा मला सोडायचा नाहीये, डेरिव्हेशन फळ्यावरच समजतं. पण सर्किट्सला मुलं माना डोलावतात आणि पेपरात उलटंच लिहितात. गूगल क्लासरूमवर नोट्स टाकतो, वाचत किती जण देव जाणे. मुलं समोर बसलेली असताना काय वापरता तुम्ही?

कोल्हापूरची मॅडम:
सर, फेट (PhET) ही वेबसाइट बघा. कोलोराडो विद्यापीठाचं आहे, नोबेलवाले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं. सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत आणि फाइल एकदा उतरवून ठेवली की नेट लागत नाही. पण नुसतं दाखवू नका हो, आधी विचारा! मी फळ्यावर बॅटरी आणि सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेले, दोन सारखे बल्ब काढते, कुठला जास्त उजळ? बरेच जण म्हणतात पहिला, कारण करंट आधी त्याच्याकडे येतो आणि थोडा तिथंच खर्च होतो. मग म्हणते, दोन मिनिटं शेजारच्याला पटवून दे, वर्गात नुसता कालवा. त्यानंतर फेटमधलं सर्किट किट लावते, इलेक्ट्रॉनचे ठिपके दोन्ही बल्बांतून एकाच वेगानं सरकतात, म्हणजे दोन्ही सारखेच उजळ. तिसरा बल्ब जोडला की सगळेच बल्ब मंद होतात, तेव्हा मागच्या बाकावरून पण "अरे हो की" ऐकू येतं.

प्रा_विदर्भ:
मॅडमना +१. याला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात, हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून वर्गात वापरलेलं. त्यात मतं नीट घेणं फार महत्त्वाचं, हात वर करा म्हटलं की पोरं हुशार पोराकडे बघूनच हात वर करतात. त्यासाठी प्लिकर्स हे ॲप वापरा. छापील कार्ड ज्या बाजूनं धरलं त्यावरून ए, बी, सी, डी ठरतं आणि तुम्ही आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यानं वर्ग टिपायचा, मुलांकडे फोन नसला तरी चालतं. ऐंशी मुलं म्हणजे दोघांत एक कार्ड द्या. अगदीच थोड्यांचं बरोबर आलं तर चर्चा नको, सरळ परत शिकवा.

टीवायची_विद्यार्थिनी:
मुलांच्या बाजूनं सांगते, स्वयमचा (सरकारी ऑनलाइन कोर्सेसचा) व्हिडिओ वर्गात पूर्ण लावू नका प्लीज. तो आम्ही घरी बघू शकतो, वर्गात आम्हाला मध्येच थांबवून विचारणारे सर हवे असतात.

भौतिकवाला:
खूप आभार सगळ्यांचे. बल्बचा प्रश्न सोमवारीच घेतो. हॉल मिळाला नाही तर फेट मोबाईलवर चालेल का?

कोल्हापूरची मॅडम:
चालतं की. चार-पाच जणांत एक फोन द्या, फाइल आदल्या दिवशीच पाठवून ठेवा आणि क्रोममध्ये उघडायला सांगा. बल्ब त्यांनाच जोडू दे.