तीन थरांची पिक्स पिशवी: चवळीला चालते, हरभऱ्याला चालेल का?

प्रश्न: नायजर-नायजेरियाकडे चवळी कसलंही औषध न घालता तीन थरांच्या पिशवीत ठेवतात. हीच पिक्स (PICS), धान्य साठवायची हवाबंद पिशवी. आत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. पंप नाही, हवा पूर्ण काढत नाहीत. मग भुंगेरा मरतो कशाने? आणि चार-पाच क्विंटल हरभरा असा ठेवायचा तर काय सांभाळावं?

उत्तर १: हवा किडेच संपवतात. अळ्या-भुंगेऱ्यांच्या श्वासाने काही दिवसांत आतला ऑक्सिजन उतरतो आणि खाणं थांबतं. "गुदमरून मरतात" हे अर्धंच खरं. कोरड्या दाण्यातली अळी अन्न जाळून स्वतःपुरतं पाणी बनवते, त्याला ऑक्सिजन लागतो. तो नाही तर पाणी नाही, अळी सुकून मरते. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी कॅमेरूनमध्ये हे काम सुरू केलं. 2007 पासून गेट्स फाउंडेशनच्या पैशावर पश्चिम आफ्रिकेत पसरलं. हरभऱ्यातला भुंगेरा त्याच कुळातला, त्यामुळे चालेल.

उत्तर २: बिघडतं ते बांधण्यात. आतल्या पिशव्या साधारण 80 मायक्रॉन जाडीच्या असतात. आधी प्रत्येकीत हवा भरून तोंड पिळा, दाबून बघा. फुस्स झाली तर बाद. माल चाळून घ्या, घाटे-काड्या राहिल्या की प्लॅस्टिकला टोचतात. भरताना हलवत, दाबत भरा, वर वीतभर गळा सोडा. सर्वांत आतली पिशवी पिळून, गळा दुमडून सुतळीने करकचून बांधा, मग मधली, मग पोतं. तिन्ही वेगवेगळी, तिन्ही तोंडं एकत्र आवळली तर काही उपयोग नाही. फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. उंदराने एक भोक पाडलं की सगळं मुसळ केरात.

रोजच्या खाण्याचा माल यात नको. प्रत्येक वेळी उघडलं की ऑक्सिजन परत आत.

प्रश्नकर्ता: ओल कशी तपासायची? मीटर नाही.

उत्तर ३: कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं सुकं मीठ आणि पाव बाटली दाणे घालून दोन-तीन मिनिटं हलवा, मग जरा थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण 15 टक्क्यांच्या वर. पण नाही चिकटलं म्हणून लगेच भरू नका, 14 टक्केही हरभऱ्याला जास्तच. दाताखाली दाणा दबला नाही, कट्कन फुटला, की भरा. पिशवी ओल बाहेर जाऊ देत नाही. ओला माल आतच बुरशी धरतो.